उबेतले धागे

“पण बाई, कच्चीच पेशी वेगळी निघाली तर?”

बाईंनी वर पाहिलं नाही. त्या काचेच्या नळीत दूध मोजून ओतत होत्या.

“कुठली पेशी?”

“कुठलीही.”

“कुठलीही नावाची पेशी मी अजून पाहिली नाही, विश्राम.”

सकाळचे साडेआठ वाजले होते. पहिल्या एसटीनं तो आला होता, आणि चहाचा पेला अजून तसाच हातात होता. वर साय धरली होती.

बाई म्हणजे अनसूयाबाई बर्डे. एके काळी पुण्याला जंतुशास्त्र शिकवायच्या. सगळं आयुष्य सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात तशा या नीरेकाठच्या गावी येऊन दूध संघाच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत बसल्या. गावोगावचं दूध यायचं. त्यात जंतू किती वाढलेत ते बाई बघायच्या. दुधात निळा रंग टाकायचा आणि वाट बघायची. जंतू फार असले तर निळा रंग झटकन उडतो. थोडे असले तर तासन्‌तास टिकतो. एवढंच काम. पण बाईंनी नाही म्हटलेला कॅन संघाचा अध्यक्षही आत घ्यायला धजत नसे.

विश्राम धुरी हा त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. आता पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख. एका जंतूचे दोन कसे होतात, केव्हा होतात, यावर त्याचं काम. ते ऐकायला सातासमुद्रापलीकडची माणसं यायची. त्याला त्याचा अभिमान होता, आणि अभिमान धरावा असं काम होतंही.

त्याच्या खिशात एक कागद होता. घडी पडून पडून मऊ झालेला.

खिडकीशी पागोटं दिसलं. खंडू गावडे, पलीकडच्या वाडीचा.

“बाई, माझा निळा किती टिकला?”

“तुझ्या शब्दापेक्षा जास्त.”

“म्हंजे घेतलं का दूध?”

“घेतलं. म्हैस खरी आहे, मालकाचं नंतर बघू.”

खंडू खो खो हसत गेला. विश्रामला हसू आलं नाही.

बाईंनी हात पुसले. समोरच्या स्टुलावर बसल्या.

“आता नाव सांग पेशीचं.”

“...सुगंधा.”

“वळवी?”

“हो.”

“काल फोनवर म्हणालास, एक शास्त्रातली शंका आहे.”

“शंका शास्त्रातलीच आहे, बाई.”

“बरं. मग शास्त्रातच बोलू.”

गोष्ट अशी होती. सुगंधा नऊ वर्षं विश्रामच्या हाताखाली होती. आता दूरच्या एका शहरात तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळत होती. अट एकच. तिनं इथं हातानं वाढवलेला जंतूंचा वाण ती बरोबर नेणार, त्याला विश्रामची लेखी संमती हवी. कागद तीन आठवडे त्याच्या टेबलावर पडून होता. त्यानं सही केली नव्हती. नाहीही म्हटलं नव्हतं. आज दुपारी बाराला मुदत संपत होती.

बाईंनी नुसतं ‘थांबव तिला’ म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता. म्हणजे परत जाऊन सांगता आलं असतं, अगं, बाईंचंही तेच म्हणणं पडलं.

“कच्ची पेशी वेगळी निघाली तर काय होतं, ते तूच सांग,” बाई म्हणाल्या. “मी विसरले असेन.”

बाई काही विसरत नसत, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो सांगू लागला. शिकवायला लागला की त्याचा आवाज भरायचा.

“पेशीच्या आत एक लांबच लांब दोरा असतो. कसं जगायचं, ते सगळं त्यावर लिहिलेलं. वेगळं व्हायच्या आधी त्या दोऱ्याची दुसरी प्रत झाली पाहिजे. एक प्रत एकीकडे, दुसरी दुसरीकडे सरकली पाहिजे. तेवढं व्हायच्या आत मध्ये भिंत पडली तर दोरा कापला जातो. नाहीतर एका खोलीत दोरा जातो आणि दुसरी रिकामी राहते. दिसायला पेशी. आत काही नाही.”

“आणि तुला वाटतं, सुगंधा आतून रिकामी निघेल.”

“मला भीती वाटते, बाई.”

“भिंत घालतं कोण?”

“आधी मधोमध एक कडं बसतं. बांगडीसारखं. ते आवळत जातं, आणि मागोमाग भिंत आत येते.”

“दोऱ्याची प्रत अजून मध्ये पसरलेली असली, तर बसतं का कडं?”

“...नाही. जिथं दोरा आहे तिथं कडं बसू देत नाहीत. तशी माणसं असतात आत. म्हणजे, तशी प्रथिनं.”

“माणसंच म्हण. आणि टोकाला?”

“टोकालाही नाही. तिथं पहारा असतो. पहारेकरी या टोकाकडून त्या टोकाकडे, तिकडून पुन्हा इकडे, सारखे येरझारा घालतात. मध्ये त्यांचा पाय फार वेळ ठरत नाही. म्हणून कडं मध्ये बसतं.”

“म्हणजे एवढ्याशा जिवानं एवढा बंदोबस्त स्वतःचा स्वतः केलाय.”

“हो.”

“बाहेरून कुणी सांगायला येत नाही, की बाई गं, तू कच्ची आहेस.”

विश्रामनं पेल्यावरची साय बोटानं बाजूला केली. चहा गार झाला होता. तो प्यायला.

“सुगंधा जंतू नाही, बाई.”

“शास्त्राचं तू काढलंस. मी नाही.”

बाहेर कोणीतरी कॅन धुवत होतं. पाण्याचा आवाज बराच वेळ चालला.

“बरं, वेळेचं सांग,” बाई म्हणाल्या. “कुठे ते कळलं. केव्हा? आता वेगळं व्हायचं, हे कशावरून ठरतं?”

हे तर त्याचं स्वतःचं घर. झोपेतून उठवलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

“घड्याळावरून नाही. अमुक एक आकार गाठला म्हणूनही नाही. जन्मल्यापासून ठराविक भर पडली की झालं. लहान जन्मलेली तेवढीच भर घालते, मोठी जन्मलेली तेवढीच. दहा हजार पेशी मोजल्यात आम्ही, बाई. एकेक करून.”

“लहान जन्मलेली लहानपणीच वेगळी होते म्हण की.”

“पहिल्यांदा, हो. पुढे दर पिढीला फरक निम्मा होत जातो. चारपाच पिढ्यांत कुणाला ओळखू येत नाही, कोण लहान जन्मली होती.”

“छान आहे रे.” बाई खरंच खूश झाल्या. “फार छान आहे. कुणी मोजलं हे? तू की सुगंधानं?”

“...मोजलं तिनं.”

“केवढी होती ती, तुझ्याकडे आली तेव्हा?”

विश्रामच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं.

धडगावच्या डोंगरातल्या आश्रमशाळेतून शिकून वर आलेली पोर. इंग्रजीत बोलायची वेळ आली की आधी वाक्य तळहातावर लिहायची, मग वाचायची. बाकीची मुलं हसायची. विश्रामही एकदा हसला होता. तिनं हात मागे घेतला होता, आणि पुढच्या आठवड्यात तळहात कोरा ठेवून बोलली होती.

आणि गेल्या पावसाळ्यात तिनं त्याच्या स्वतःच्या गणितातली चूक काढली होती. चारचौघांत नाही. आत आली, दार लावून घेतलं, कागद पुढे ठेवला. “सर, मला वाटतं इथं उलटं धरलं गेलंय.” उलटंच धरलं गेलं होतं. छापून जगभर गेलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. तो ‘बरं, बघतो’ म्हणाला. आभार मानायचे राहूनच गेले. मग कागद आला, आणि तो टेबलावरच राहिला.

“लहान होती,” तो म्हणाला. “अगदीच.”

“मी तिचा आकार विचारत नाही. भर विचारते.”

“भर... पुष्कळ पडली.”

“ठरल्याहून कमी की जास्त?”

तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवू लागला.

“दहा हजार मोजल्यास ना? पुढची एक मोजायची कशी राहिली?”

“मी तिला...” विश्रामनं पेला खाली ठेवला. “मी तिला माझ्याशेजारी उभी करून बघत होतो, बाई. माझ्याएवढी झाली का ते.”

“हं.”

एवढंच. बाई उठल्या, आणि कोपऱ्यातल्या ऊबपेटीशी गेल्या. दुधाच्या कामापासून ही पेटी अलग होती. तिच्यात बाईंचा जुना संसार होता. पुण्याहून येताना त्यांनी दोन लुगडी कमी आणली, पण हे वाण जपून आणले होते.

दार उघडलं. आतून गरम वाफ आली. ज्वर चढलेल्या अंगाहून जास्त ऊन.

“हा ओळखलास?”

विश्रामनं नळीवरची चिठ्ठी वाचली. त्याचंच अक्षर होतं. पंचवीस वर्षांपूर्वीचं.

“हा तर कड्याचा... जास्त उबेत याचं कडं बसत नाही.”

“बेचाळीस अंशांवर. गारव्यात चांगला नांदतो. उबेत नुसता वाढतो. काल तुझा फोन आला, तेव्हा संध्याकाळी एक नळी आत ठेवली. दुसरी आज पहाटे, दूध यायच्या आधी.”

पहाटेच्या नळीतला थेंब त्यांनी काचेवर घेतला. सूक्ष्मदर्शकाची काच फिरवली. बाजूला झाल्या.

विश्राम वाकला.

धागे. नुसते लांब धागे. एरवी हे जंतू जिऱ्याच्या दाण्यासारखे, आखूड. इथं एकेक शेवईसारखा. आत दोऱ्याच्या प्रतींवर प्रती झाल्या असणार, हे त्याला न दिसताही ठाऊक होतं. आठ. सोळा. सगळं शिकून तयार, आणि मध्ये भिंत कुठेच नाही.

“दिसायला किती भरदार आहेत,” बाई मागून म्हणाल्या. “नवखा कुणी आला तर म्हणेल, वा, हेच खरे मोठे झाले.”

“बाई...”

“बघत राहा. ही खोली गार आहे.”

तो बघत राहिला. पाव तास गेला असेल. मान अवघडली. मग एका धाग्याला बारीकशी चिमटी पडल्यासारखं दिसलं. डोळ्याचा भास म्हणून त्यानं पापणी मिटली, उघडली. चिमटी खोल झाली होती. शेजारच्यालाही पडली. मग तिसऱ्याला, दोन ठिकाणी.

हजार वेळा पाहिलं होतं त्यानं हे. पडद्यावर, मोठं करून, रंग भरून, टाळ्यांच्या कडकडाटात. पण आज त्याला डोळा हलवता येईना.

तासाभरात एक धागा तुटला. तुटला कसला, सुटला. दोन्ही तुकडे जरा वेळ शेजारी पडून राहिले. मग एक वळला.

“गेला,” विश्राम पुटपुटला.

बाईंनी दुसरी काच पुढे केली. काल संध्याकाळच्या नळीतली.

इथंही धागे होते. पण फिकट. काहींच्या नुसत्या सावल्या. एक भलामोठा धागा मधूनच फुगला होता. विश्राम त्याच्याकडे बघत राहिला. चिमटी पडेल म्हणून वाट बघितली. बराच वेळ. मग तो धागा एका जागी उसवला, आणि आतलं सगळं पाण्यात सांडलं.

तो डोळा काढून सरळ बसला.

“यांनाही गारव्यातच आणलंत ना?”

“त्याच वेळी. हाताला हात लागून.”

“मग?”

बाईंनी खांदे उडवले. काच धुवायला घेतली.

विश्रामनं सूक्ष्मदर्शक बाजूला सारला. आणि मग जे बोलायचं असं घरून ठरवलेलं नव्हतं, ते तोंडातून निघालं.

“तुम्ही मला एका दिवसात सोडलंत, बाई.”

नळाचं पाणी चालू होतं.

“मी सकाळी तुमच्याकडून जायचा अर्ज दिला. तुम्ही दुपारी सही केलीत. एकदाही म्हणाला नाहीत, थांब. मला वाटलं, यांना मी नकोच होतो. स्टँडवर बसून रडलो होतो मी, सव्वीस वर्षांचा घोडा. तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखालच्या पोराला मी असं तोडून टाकणार नाही. धरून ठेवीन.”

बाईंनी नळ बंद केला. पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

“सही सकाळीच केली होती,” त्या म्हणाल्या. “दुपारपर्यंत कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. तुझ्या हातात द्यायचा धीर होईना.”

विश्राम त्यांच्या पाठीकडे बघू लागला.

“तुला सांगायला हवं होतं. ते राहिलं. सही चुकली नाही माझी. तोंड चुकलं.”

त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते, पण पदराचं टोक ओलं होतं. नळाच्या पाण्यानं असेल.

विश्रामनं खिशातला कागद काढला. टेबलावर पसरला, तळहातानं घड्या सारख्या केल्या आणि सही केली. खाली तारीख घातली. मग थोडी जागा होती तिथं अजून एक ओळ लिहिली, की हा वाण मूळ हिचाच, मी फक्त जागा दिली होती. लिहिताना त्याला आतून हलकं हलकं वाटलं. आपण फार मोठ्या मनाचे आहोत, असंही जरा वाटून गेलं. माणूसच तो.

“साडेदहा होतायत,” तो म्हणाला. “फोटो काढून पाठवतो. बारापर्यंत आरामात पोचेल. आधी तिला सांगतो.”

“सांग.”

त्यानं फोन लावला. तो जुनाच, आवाज बाहेरपर्यंत ऐकू यायचा.

“हां सर.”

“सुगंधा, कुठे आहेस?”

“लॅबमध्येच, सर. तुमचे पुढच्या अनुदानाच्या अर्जाचे तक्ते करतेय. दोन झालेत, तिसरा संध्याकाळपर्यंत होईल.”

“ते राहू दे गं. ऐक. कागदावर सही केली मी.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“सुगंधा?”

“सर, मी काल त्यांना ‘नाही’ असं कळवून टाकलं.”

“काय?”

“काल संध्याकाळी. म्हटलं, तुम्हाला उगाच अडचणीत कशाला टाकायचं. तुम्ही म्हणाला होतात ना, अजून कच्ची आहेस. मी विचार केला, सर. मला पटलं ते.”

“अगं मी... मी असं कधी...”

“दिवाळीच्या आधी. जिन्यात.”

म्हणाला होता. पायऱ्या उतरता उतरता, मागे न बघता.

“आत्ता फोन कर त्यांना. मी करतो. गैरसमज झाला म्हणून सांगू.”

“आज सकाळी त्यांचाच आला होता, सर. यादीतल्या दुसऱ्या माणसाला बोलावून घेतलं त्यांनी. तो हो म्हणाला.” तिचा आवाज शांत होता. रडवेला असता तरी बरं झालं असतं. “दुसरीकडे कुठे अर्ज करायचा नाही असंही ठरवलंय मी. खरं सांगू का, आता इथलीच सवय झालीय. इथं बरं वाटतं. चाललं ना, सर, मी राहिले तर?”

विश्रामनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सर? ऐकू येतंय ना?”

“येतंय.”

“तिसऱ्या तक्त्यात तुमचं नाव आधी घालू ना, नेहमीसारखं?”

त्यानं काय उत्तर दिलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. फोन बंद झाला.

टेबलावर सही केलेला कागद होता. पंख्याच्या वाऱ्यानं त्याचं एक टोक उचलायचं आणि पडायचं. विश्राम त्याच्याकडे बघत बसला. जे मागायला तो पहाटे उठून इतक्या लांब आला होता, ते आदल्या संध्याकाळीच त्याला मिळून चुकलं होतं.

बाईंनी सगळं ऐकलं होतं.

आवारात टँकर आला. माणसांची हाकाहाक झाली. टँकर भरून गेला. पुन्हा शांत झालं.

“राहतेय म्हणाली,” विश्राम शेवटी बोलला. आवाज घोगरा झाला होता. “कुठे जात नाही. माझ्याजवळच राहणार...”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. ताप आलेल्या लहान पोराकडे बघावं तसं.

“मग आता तिथं किती जण आहात रे तुम्ही? दोघं, की एकच धागा?”